पंधरा मिनिटं पुढं

घड्याळ घ्यायचं मी आधी ठरवलं आणि त्याचं कारण मला नंतर मिळालं, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. मी पुण्यात एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. आठवडाभर एका मैत्रिणीबरोबर खोलीत राहायची आणि शनिवारी एसटीने मुळशीला, धरणाच्या काठच्या आमच्या घरी यायची. कचेरीतल्या एका बाईंचे यजमान आखातात नोकरीला होते. सुट्टीवर आले की ते बाईंना न्यायला कचेरीच्या दारात उभे राहत, आणि त्यांच्या मनगटावर ते घड्याळ असे. एकाच घड्याळात दोन वेळा. एक त्यांच्या तिकडची, एक आपली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्या परक्या माणसाचा हात जवळजवळ ओढूनच घेतला होता. ह्याला चावी द्यावी लागत नाही, क्वार्ट्झ आहे, सेलवर चालतं, असं ते कौतुकाने म्हणाले. पुढे कितीतरी दिवस मी टाइप करताना त्या घड्याळाचाच विचार करत असे आणि चुका खोडत असे.

पण मुळशी आणि पुणे ह्यांच्या वेळेत फरक नाही. एसटी उशिरा येते तो निराळा फरक, आणि त्याला कुठल्याही घड्याळात सोय नाही. मला दोन वेळांची गरज काय, असं कुणी विचारलं असतं तर सांगण्याजोगं कारण नव्हतं, म्हणून घड्याळाची गोष्ट मी घरी काढलीच नव्हती.

मग लुंबिनीची सहल निघाली. पुण्यात आमचे नातलग राहत त्या वस्तीतल्या विहारातून ती निघणार होती. सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर करत शेवटी बुद्ध पौर्णिमेच्या सकाळी लुंबिनी. मी ते ऐकलं आणि त्या शनिवारी एसटीत बसायला जागा मिळाली नाही तरी पौडपर्यंत उभ्याने हसत आले. लुंबिनी नेपाळात. नेपाळ म्हणजे परदेश. कचेरीत काही जणांनी नाकं मुरडली, की पासपोर्टसुद्धा लागत नाही, तो कसला परदेश. मी म्हटलं, तिथली वेळ आपल्याहून वेगळी आहे ना, मग परदेशच. हे मला सहलीची व्यवस्था पाहणाऱ्या निवृत्त मास्तरांनी सांगितलं होतं. फरक फक्त पंधरा मिनिटांचा आहे हेही त्यांनी सांगितलं होतं, पण ते मी कचेरीत सांगितलं नाही.

लुंबिनी ही खरं तर आईची इच्छा. भाताची लावणी, माझं शिक्षण, घराचं छप्पर, दरवर्षी काहीतरी आडवं यायचं आणि ती म्हणायची, पुढल्या साली. त्या साली सगळं जुळून आलं होतं. मी कमावती झाले होते, आणि आबा, म्हणजे माझे वडील, धरणाच्या वसाहतीतल्या माळीकामातून निवृत्त होऊन घरी होते. पण मागच्या पावसाळ्यात आई खाचराच्या बांधावरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ते जोडलं गेलं, ती काठी घेऊन घरात फिरू लागली, पण इतके दिवस बसमध्ये आणि गाडीत बसणं डॉक्टरांनी साफ नाकारलं.

"ती न्हाई तर मी बी न्हाई," आबांनी सांगून टाकलं.

आबांचा एवढा हट्ट का, ते सांगायला हवं. आमच्या घरी रोज संध्याकाळी दोघं जण बुद्धाच्या तसबिरीपुढे बसून त्रिशरण-पंचशील म्हणत. लग्न झाल्यापासून ते एकत्रच म्हणत आलेले. आबा सुरू करायचे आणि आई उचलून धरायची. एक ओळ त्यांची, एक तिची. कुणी आजारी असलं तर अंथरुणाशेजारी बसून म्हणायचे, पण एकट्याने कधी नाही. आता आई खुर्चीत आणि आबा खाली सतरंजीवर, एवढाच बदल झाला होता. लुंबिनीला जायचं आणि तिथे एकट्याने म्हणायचं, ही कल्पनाच आबांना सहन होईना.

आई चिडली. "माजं पाय गेलं म्हून तुमचं बी जायाचं व्हय? जावा तुमी. लेक हाय संगं."

"न्हाई."

दोन शनिवार हेच चाललं. मी मध्ये पडले की दोघं मलाच गप्प करायचे. तिसऱ्या शनिवारी मी पोचले तर आई अंगणात खुर्चीत बसून करवंदं निवडत होती आणि आबा भाताच्या रोपांसाठी राब भाजून आले होते, अंगाला राखेचा वास. आईने माझ्यादेखतच त्यांना सांगितलं, "हे बगा. तुमी तितं म्हना, मी हितं म्हनते. पर एकाच टायमाला. तुमची वळ तुमी म्हना, माजी वळ मी म्हनते. मंग एकत्रच झालं का न्हाई?"

आबा हात-पाय धुवायचे थांबले. त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "पर एकच टाइम कसा कळंल? तितला टाइम निराळा म्हनत्यात."

इतकी सुरेख संधी माझ्या आयुष्यात पुन्हा आली नाही. "आबा," मी म्हटलं, "त्याच्यावर घड्याळ मिळतं."

मी त्यांना सगळं समजावलं. एकाच घड्याळात इथली वेळ आणि तिथली वेळ. माझं बोलणं संपेपर्यंत आबा मान हलवू लागले होते. "असं घड्याळ गावलं तर जाईन," ते म्हणाले. "पर मी बगनार. तू एकटीनं आनायचं न्हाई." म्हणजे आता सगळी मदार घड्याळावर आली. ते मिळालं तर आबा लुंबिनीला जाणार आणि आई घरी बसून त्यांच्याबरोबर असणार. ते न मिळालं तर दोघंही इथेच. आणि मला तर ते घड्याळ आधीपासूनच हवं होतं, त्यामुळे माझा आनंद पोटात मावेना.

पुढच्या आठवड्यात आबा पुण्याला आले. पांढरा सदरा, धोतर, पायात वसाहतीतून मिळालेले बूट. आम्ही लक्ष्मी रस्त्यावर गेलो. पहिल्या दुकानात दोन वेळांचं घड्याळ म्हटल्यावर त्यांनी आम्हाला भिंतीवरची दोन घड्याळं दाखवली. दुसऱ्या दुकानात ते ठेवतच नव्हते. तिसरं दुकान एका बोळात होतं, अरुंद, काचेच्या कपाटांनी भरलेलं. मालक भिंग डोळ्याला लावून बसले होते. मी विचारलं तसं त्यांनी भिंग काढलं आणि आमच्याकडे पाहिलं.

"कुठे निघालात? दुबई? अमेरिका?"

"नेपाळ," मी छाती पुढे काढून सांगितलं.

ते हसले, पण टिंगल म्हणून नव्हे. "अहो, नेपाळला दोन वेळांचं घड्याळ घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय. पंधरा मिनिटांचा फरक. मनातल्या मनात मिळवा की."

"मनातल्या मनात न्हाई जमायचं," आबा म्हणाले. "माजं मन त्या टायमाला निराळ्या जागी असनार हाय."

 मालकांनी खालच्या खणातून एक मखमली ताट काढलं आणि आमच्यापुढे ठेवलं. मला वाटतं माझे डोळे तेव्हा खरंच चमकले असतील, कारण त्यांनी दिवा जवळ ओढला.

पहिलं होतं आकड्यांचं. काटेच नाहीत, काचेत काळे आकडे. बटण दाबलं की आकडे बदलून दुसऱ्या देशाची वेळ यायची. मी लगेच हात पुढे केला. कचेरीत असं घड्याळ कुणाकडेच नव्हतं. मालकांनी दुसरी वेळ लावायला घेतली आणि एकेक बटण दाबत गेले. ती अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे सरकत होती. साडेतीन, चार, साडेचार. पाव तास येईचना. "ह्याच्यात नेपाळ बसत नाही," ते म्हणाले, आणि हे त्यांनाही आत्ताच कळत होतं असा त्यांचा चेहरा झाला.

आबांना तसंही ते पटलं नव्हतं. "आकडं पळत्यात," ते म्हणाले. "टाइम कसा, काट्यात बगायचा. किती ऱ्हायला ते दिसाया पायजे."

दुसरं फारच देखणं होतं. नेहमीचे तीन काटे आणि चौथा एक लाल काटा, तो दिवसातून एकदाच फिरायचा आणि चोवीस आकड्यांवर दुसऱ्या देशाची वेळ दाखवायचा. मी ते मनगटावर घातलं आणि काढेना. पण मालकांनी तो लाल काटा फिरवून दाखवला तर तो तासातासाने टप्पे घेत होता. मध्ये थांबायची सोयच नाही. "विमानातल्या लोकांसाठी असतं हे," ते म्हणाले. "लंडन, न्यूयॉर्क असं. पाव तासाचा देश ह्या लोकांच्या खिजगणतीतही नाही."

ह्यावर मला राग आला. घड्याळाचा नव्हे, ते बनवणाऱ्यांचा. बुद्ध जिथे जन्मला तिथली वेळ ह्यांच्या घड्याळात बसत नाही म्हणजे काय. मी ते जरा मोठ्यानेच बोलले. मालकांनी हातानेच थांबा अशी खूण केली आणि उठून आत गेले. आतून त्यांनी एक डबी आणली.

त्या डबीत जे होतं ते मी आजही डोळे मिटून पाहू शकते. चौकोनी, जाडजूड, काळ्या पट्ट्याचं. आत दोन तबकड्या, वर एक मोठी, खाली एक लहान. दोन्हींना स्वतःचे काटे, बाजूला दोन चाव्या. "आत दोन वेगळी मशीन आहेत," मालक म्हणाले. "दोन सेल. एकाचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नाही. खालचं पाव तास लावा, सात मिनिटं लावा, काय वाट्टेल ते लावा."

 त्यांनी खालची चावी ओढली, काटा फिरवला आणि वरच्या तबकडीहून बरोबर पंधरा मिनिटं पुढे नेऊन ठेवला. मुळशी आणि लुंबिनी माझ्यासमोर एका काचेखाली चालू लागली. मला रडू येईल असं वाटलं. मी आबांकडे पाहिलं तर ते घड्याळ कानाला लावून बसले होते.

"आवाज लई बारीक हाय," ते म्हणाले. "चावी कवा द्यायाची?"

"द्यायचीच नाही, आबा. सेलवर चालतं."

"मंग बंद पडाया आलं ते कळनार कसं?" हे त्यांना फारच गैरसोयीचं वाटलं. आमच्या घरचं गजराचं घड्याळ रोज रात्री चावी मागे आणि ती उतरत आली की हळूहळू मंदावत जाई. न सांगता अचानक थांबणारी वस्तू आबांना विश्वासाची वाटेना. मालकांनी त्यांच्यासमोर दोन्ही सेल बदलून नवे घातले तेव्हा कुठे ते शांत झाले.

मग आबांनी एक अट घातली. "वरच्या मोठ्या चकतीत घर ठेवा. नेपाळ खाली."

"सगळे उलट ठेवतात हो," मालक म्हणाले. "जिथे आहोत तिथली वेळ मोठी, घरची छोटी."

"त्यांचं मानूस घरी बसलेलं नसंल," आबा म्हणाले.

पैसे मी दिले, ते मोजताना हात जड झाला, पण ते राहू दे. घड्याळ कोण घालणार ह्यावरून मात्र दुकानातच जुंपली. मालक म्हणाले, हे जेंट्स आहे, वडिलांना घाला. आबा म्हणाले, "मला मनगटाला काय बी सोसत न्हाई. हिला घाला." मी तर त्याचीच वाट पाहत होते. माझं मनगट तेव्हा काडीसारखं. पट्ट्याच्या शेवटच्या भोकातही ते घड्याळ गोल फिरायचं. मालकांनी पट्ट्याला आणखी दोन भोकं पाडून दिली. एसटीत मी पूर्ण वेळ हात खिडकीवर ठेवून बसले. पौडला चढलेल्या एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, "आगं, हे घड्याळ हाय का ट्रान्झिस्टर?" मी त्यांना अख्खी माहिती दिली, त्यांनी मागितली नव्हती तरीही.

घरी आईने घड्याळ हातात घेतलं आणि दोन्ही तबकड्यांवरून बोट फिरवलं. "वरचं आपलं?"

"वरचं आपलं, खालचं लुंबिनीचं," मी म्हटलं. "तिथली वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं आहे. पौर्णिमेला सकाळी तिथे सात वाजले की सगळ्यांची वंदना सुरू होणार. तेव्हाच आबा सुरू करणार."

"म्हंजी तुमचं पंधरा मिंटं पुढं," आई म्हणाली.

"हो."

"कळलं," ती म्हणाली. गजराचं घड्याळ रेडिओच्या बातम्यांवर लावून ठेवते असंही तिने सांगितलं. मला सगळं फत्ते झाल्यासारखं वाटलं. मी अंगणात जाऊन उजेडात घड्याळ पाहत बसले.

निघायच्या दिवशी आई काठी टेकत रस्त्यापर्यंत आली. मी सामान एसटीच्या टपावर चढवून घेत होते, ती आणि आबा बाजूला उभे राहून काहीतरी बोलत होते. गाडी हलली तेव्हा आबा खिडकीतून मागे पाहत राहिले, धरणाचं आटलेलं पाणी दिसेनासं होईपर्यंत.

प्रवासाचं मी सांगत बसत नाही. सोनौलीला सरहद्द ओलांडली तेव्हा मास्तर बसमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "सर्वांनी आपापली घड्याळं पंधरा मिनिटं पुढे करा." सगळे आपापल्या घड्याळांच्या चाव्या ओढू लागले. मी हाताची घडी घालून बसले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आगं कर की." मी म्हटलं, "माझ्या घड्याळात आधीपासूनच आहे." ह्या एका वाक्यासाठी मी ते घड्याळ पुन्हा दोनदा घेतलं असतं. पलीकडच्या बाजारात परदेशी घड्याळांची दुकानंच्या दुकानं होती आणि सगळी बस तिकडे पळाली. मी मुद्दाम बसमध्येच थांबले. माझं घड्याळ तिथे अर्ध्या किमतीत टांगलेलं दिसलं असतं तर मला झेपलं नसतं.

लुंबिनीत तेव्हा फार काही बांधलेलं नव्हतं. मोठं गवताळ मैदान, अशोकाचा खांब, एक चौकोनी तळं आणि तळ्याच्या काठी पिंपळ. पौर्णिमेच्या सकाळी आम्ही सगळे पांढरे कपडे घालून तिथे जाऊन बसलो. देशोदेशीची माणसं, केशरी आणि लाल चिवरातले भिक्खू, कुठल्या कुठल्या भाषेतलं पुटपुटणं.  आमची मंडळी पिंपळाखाली ओळीने बसली. आबा माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी माझं मनगट हातात घेऊन घड्याळ स्वतःकडे वळवलं.

खालच्या तबकडीत सात वाजले. मास्तरांनी हात जोडले आणि आमच्या सगळ्या लोकांनी एका आवाजात वंदना सुरू केली. मीही सुरू केली. दोन ओळी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आबांचा आवाज नाही. मी वळून पाहिलं. ते तोंड मिटून बसले होते आणि त्यांची नजर माझ्या मनगटावर होती.

"आबा, म्हणा की," मी कुजबुजले. "आई बसली असेल."

"न्हाई बसली. तिचा टाइम सव्वासातचा."

"सव्वासात कसा? आत्ता घरी पावणेसात झालेत. तिने आत्ताच बसायचं आहे."

"निगताना म्हनली. तुमचं पंधरा मिंटं पुढं, म्हंजी मी सव्वासातला बसते. मी व्हय म्हनलो."

आणि तेव्हा मला कळलं. आमच्याकडे लग्न पुढं गेलं म्हणजे लांबलं. परीक्षा पुढं ढकलली म्हणजे नंतर आली. घड्याळ पुढं असणं हे फक्त घड्याळाचं बोलणं, आणि आईचं आयुष्य घड्याळाच्या बोलण्यात गेलेलं नव्हतं. तिच्या लेखी लुंबिनीचे सात आपल्या सातनंतर पंधरा मिनिटांनी वाजणार होते. आबांच्याही लेखी तेच. एवढं दोन मशीनचं घड्याळ घेऊनही आम्ही एका शब्दापाशी येऊन चुकलो होतो.

मी हे त्यांना कानात सांगितलं. त्यांना ते पहिल्या झटक्यात समजलं. त्यांनी मान हलवली, वंदना म्हणणाऱ्या सगळ्या लोकांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आसंल. पर ती आता चूल पेटवत आसंल. ती बसल्यावर म्हनू."

"पण आबा, सगळे आत्ता म्हणतायत. ह्याच्यासाठीच आलो आपण."

"म्या न्हाई ह्याच्यासाठी आलो," आबा म्हणाले.

मीही थांबले. दोघं गप्प बसून राहिलो आणि भोवताली सगळे म्हणत होते. सुरुवातीला मला लाज वाटली, कारण काकू वळून वळून पाहत होत्या. मग नाही वाटली. मोठ्या तबकडीतला काटा सातच्या पलीकडे गेला. मंडळींची वंदना आटोपली, सगळे उठून खांबाकडे गेले, मास्तर हाक मारून गेले. पिंपळाखाली आम्ही दोघंच उरलो. आबांनी माझं मनगट सोडलं नव्हतं.  मला इतकी धाकधूक आयुष्यात कुठल्याही परीक्षेला झाली नाही.

मोठा काटा तीनवर आला. आबांनी एका हातानेच नमस्कार केल्यासारखं केलं, कारण दुसऱ्या हातात माझं मनगट होतं, आणि सुरू केलं. एक ओळ म्हणून ते थांबले. मला वाटलं अडखळले, म्हणून मी पुढची ओळ उचलायला तोंड उघडलं. त्यांनी माझं मनगट जोरात दाबलं. मी गप्प झाले. आईला ती ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते थांबले आणि मग आपली पुढची ओळ म्हणाले. असं शेवटपर्यंत. एक ओळ आवाजाची आणि एक ओळ शांततेची. तिचा सूर लांबतो तिथे ते जास्त थांबत होते. मी खाली मान घालून ऐकत होते आणि माझे डोळे गळत होते, पण खरं सांगते, मला आत कुठेतरी आनंदाने नाचावंसं वाटत होतं.

परतीच्या प्रवासात मात्र एक शंका मन कुरतडू लागली. आई खरंच सव्वासातला बसली असेल का? की कुणी तिला खरा अर्थ समजावला असेल आणि ती पावणेसातलाच म्हणून मोकळी झाली असेल?  पुण्याला उतरल्यावर आबांनी चहासुद्धा घेतला नाही, सरळ एसटी स्टँड गाठला.

आई अंगणात खुर्चीत बसली होती. आम्ही पिशव्या खाली ठेवल्या नाहीत तोवर आबांनी विचारलं, "किती वाजता बसलीस?"

तिचा घसा बसलेला होता. आवाज घोगरा येत होता. "आवं, तुमी गेला आन् मी इचार करत बसले," ती म्हणाली. "पुढं म्हंजी लगीन पुढं जातंय तसं पुढं, का घड्याळ पुढं पळतंय तसं पुढं? कुनाला इचारू? एक म्हनली असं, दुसरी म्हनली तसं. मला काय उमजंना. मंग मी पावनेसातलाच बसले."

आबांचा चेहरा उतरला. ते पायरीवर बसले.

"पर मला वाटलं, तुमी सव्वासातला म्हनला तर?" आई पुढे म्हणाली. "म्हून उठलेच न्हाई. संपलं की परत पयल्यापासनं. संपलं की परत. सव्वासात झालं तरी म्हनतच व्हते, त्याच्या बी पुढं लई येळ. शेजारची पळत आली, म्हनली काय झालं तुला. घसा बसला तो अजून बसलेलाच हाय. म्या दोन्ही टायमाला बसले. एक तरी तुमचा आसंलच की."

"दुसरा माजा व्हता," आबा म्हणाले.

"आन् पयल्याला?"

"पयल्याला तितं समदी मान्सं म्हनत व्हती. तू समद्यांच्या संगं म्हनलीस."

आईने विचारलं, "आन् तवा तुमी काय करत व्हता?"

"मी गप बसलो व्हतो," आबा म्हणाले. "तुजी वाट बगत."